गणित ऑलिम्पियाड आणि प्रवेश: कोणते प्रमाणपत्र कुठे चालते?

मा. संपादक यांस,

स.न.वि.वि.

प्रवेशांचा हंगाम आला की ऑलिम्पियाडसाठी मुलांना शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: मुलाला गणित ऑलिम्पियाडचे सुवर्णपदक आहे, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला त्याचा किती उपयोग होईल? दहातल्या नऊ वेळा उत्तर 'काहीच नाही' असे द्यावे लागते आणि समोरच्याचा चेहरा पडतो. उरलेल्या एखाद्या वेळी मात्र उत्तर असे असते की, लेखी प्रवेश परीक्षा न देता थेट मुलाखतीला जाता येईल, पण अर्ज भरायची मुदत परवाच संपली. दोन्ही प्रसंग टाळता येण्यासारखे आहेत. आपल्या वृत्तपत्राच्या प्रवेश पुरवणीत कटऑफचे तक्ते पानेच्या पाने छापून येतात, या विषयावर मात्र चार ओळीही दिसत नाहीत, म्हणून हे लांबलचक पत्र.

सुरुवात गोंधळाच्या मुळापासून करू. शाळाशाळांतून पहिलीपासून ज्या 'ऑलिम्पियाड' परीक्षा होतात, त्या बहुतेक खासगी संस्थांच्या असतात. तासाभराची बहुपर्यायी प्रश्नपत्रिका, शाळेतल्या शाळेत किंवा वर्गातल्या वर्गात पहिल्या आलेल्याला सुवर्णपदक, आणि प्रमाणपत्रावर 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द ठळक. काहींच्या नावाची आद्याक्षरेही खऱ्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडशी, म्हणजे आयएमओशी, तंतोतंत जुळतात. मुलाला गणिताची गोडी लागावी म्हणून या परीक्षा द्यायला हरकत नाही. तसेच आपल्याकडच्या गणित संबोध, गणित प्रावीण्य, गणित प्रज्ञा या परीक्षा. त्या कित्येक खासगी परीक्षांपेक्षा चांगल्या आहेत, पाया पक्का करतात. पण बारावीनंतरच्या कुठल्याही प्रवेशाच्या खिडकीवर यांपैकी एकाही प्रमाणपत्राला किंमत नाही. आठवीतल्या मुलाच्या भिंतीवर अशी अकरा पदके असली तरी नाही.

ज्या स्पर्धेला किंमत आहे, तिची साखळी वेगळी आहे. राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या पाठबळावर आणि मुंबईतल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या देखरेखीखाली ती चालते. पहिली पायरी आयओक्यूएम, म्हणजे ऑलिम्पियाडची पात्रता परीक्षा. ही परीक्षा साधारण सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात होते आणि गणित शिक्षकांची राष्ट्रीय संघटना ती घेते. तीन तास, 30 प्रश्न, 100 गुण: दहा प्रश्न प्रत्येकी 2 गुणांचे, दहा 3 गुणांचे, दहा 5 गुणांचे. पर्याय दिलेले नसतात. प्रत्येक उत्तर 00 ते 99 मधली एक पूर्ण संख्या असते आणि ती ओएमआर पत्रिकेवर गोल रंगवून नोंदवायची. उत्तर 7 आले तर 07 रंगवावे लागते. नुसताच 7 रंगवून मोकळी होणारी मुले दरवर्षी निघतात.

दुसरी पायरी आरएमओ, म्हणजे विभागीय ऑलिम्पियाड, दिवाळीच्या आगेमागे. तीन तासांत सहा प्रश्न, आणि इथून पुढे नुसत्या उत्तराला काही किंमत नाही, पूर्ण सिद्धता लिहावी लागते. तिसरी आयएनएमओ, राष्ट्रीय ऑलिम्पियाड, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. तिथेही सहाच प्रश्न, पण जास्त अवघड. तीत वरच्या क्रमांकांवर आलेल्यांना एप्रिल-मे महिन्यांतल्या प्रशिक्षण शिबिराचे, आयएमओटीसीचे, बोलावणे येते. शिबिरातल्या चाचण्यांमधून सहा जणांचा भारतीय संघ ठरतो आणि तो जुलैत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडला जातो. तिथे दोन दिवस, रोज साडेचार तास, रोज तीन प्रश्न, प्रत्येकाला 7 गुण, एकूण 42. भारत 1989 पासून या स्पर्धेत उतरतो. 1996 ची स्पर्धा तर मुंबईतच भरली होती. 2024 साली इंग्लंडमधल्या बाथ इथे भारताने चार सुवर्णपदकांसह चौथा क्रमांक मिळवला, आणि त्या संघातले सहापैकी दोघे पुण्याचे होते.

प्रवेशासाठी खरी सीमारेषा आयएनएमओवर आहे. आयओक्यूएम उत्तीर्ण, आरएमओ उत्तीर्ण ही यशे लहान नाहीत, पण त्यांच्या बळावर थेट प्रवेश कुठे मिळत नाही. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात किंवा एखाद्या उन्हाळी शिबिराच्या निवडीत त्यांचा उल्लेख कामी येतो, एवढेच. आयएनएमओमध्येही दोन दर्जे आहेत: शिबिरासाठी निवड झालेले, ज्यांना 'अवॉर्डी' म्हणतात, आणि त्यांच्या खालोखाल गुणवत्ता प्रमाणपत्र मिळवणारे. कुठली संस्था यांतले काय मागते, हे त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात शब्दशः वाचावे. 'आयएनएमओ झालंय' एवढ्या मोघम माहितीवर बेत आखणाऱ्यांची निराशा इथेच होते.

आता दारे एकेक पाहू. सर्वांत जुनी आणि सर्वांत सरळ दोन. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये गणित आणि संगणकशास्त्राच्या बीएस्सीसाठी आयएनएमओतल्या यशावर प्रवेश परीक्षेतून सूट मिळू शकते. भारतीय सांख्यिकी संस्थेत, म्हणजे आयएसआयमध्ये, बीस्टॅट कोलकात्याला आणि बीमॅथ बंगळुरूला आहे. तिथे मे महिन्यात दोन लेखी पेपर होतात, एक 30 बहुपर्यायी प्रश्नांचा आणि दुसरा आठ वर्णनात्मक प्रश्नांचा, दोन्ही दोन-दोन तासांचे. शिबिरासाठी निवड झालेल्यांना हे पेपर माफ असतात आणि थेट मुलाखतीला बोलावतात. मात्र दोन्हीकडे अर्ज इतरांसारखाच, इतरांच्याच मुदतीत, शुल्क भरून आणि प्रमाणपत्र जोडून करावा लागतो. संस्था आपणहून यादी मागवून कुणाला पत्र पाठवत नाही. अर्जाच्या खिडक्या साधारण बोर्डाच्या परीक्षेच्या आसपास उघडतात, घरात सगळ्यांचे लक्ष बारावीच्या पेपरांकडे असते, आणि मग 'आपला तर थेट प्रवेश आहे' या समजुतीत मुदत निघून जाते. मुलाखतीलाही गृहीत धरू नये. फळ्याजवळ उभे करून सोपा वाटणारा प्रश्न घालतात आणि मूल विचार कसा करते ते पाहतात. तिथे नापास होणारेही असतात.

आयआयटींचे चित्र गेल्या काही वर्षांत बदलले आहे, आणि हीच माहिती पालकांपर्यंत सर्वांत कमी पोहोचली आहे. मुंबई आयआयटीच्या गणित विभागात चार वर्षांच्या बीएस अभ्यासक्रमाला ऑलिम्पियाडच्या वाटेने प्रवेश मिळतो, जेईईच्या क्रमांकाशिवाय. कानपूर आयआयटीने 2025-26 पासून पाच विभागांसाठी अशी वाट उघडली: गणित आणि संख्याशास्त्र, संगणकशास्त्र, रसायनशास्त्र, अर्थशास्त्र आणि जीवशास्त्र-जैवअभियांत्रिकी. विभाग स्वतःची चाचणीही घेऊ शकतो. मद्रास आयआयटीनेही त्याच वर्षापासून 'स्कोप' नावाची योजना सुरू केली. त्यात प्रत्येक पदवी अभ्यासक्रमाला दोन अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जास्तीच्या, जागा असतात आणि त्यांतली एक मुलींसाठी. पण इथे अट आहे, जेईई ॲडव्हान्स्डमध्ये पात्र ठरावेच लागते. फक्त जागावाटप जोसाच्या, म्हणजे आयआयटींच्या सामाईक जागावाटपाच्या, फेऱ्यांतून होत नाही, मद्रासच्या वेगळ्या पोर्टलवर वेगळा अर्ज करावा लागतो. जोसाचे पर्याय भरून स्वस्थ बसलेल्याला ही जागा मिळणार नाही. हैदराबादच्या ट्रिपल आयटीत राष्ट्रीय शिबिरापर्यंत पोहोचलेल्यांना मुलाखतीच्या आधारे संशोधनाच्या दुहेरी पदवीला घेतात. तिथे गणिताबरोबर भौतिकशास्त्र, माहितीशास्त्र आणि भाषाशास्त्राचे ऑलिम्पियाडही चालते. दिल्लीच्या ट्रिपल आयटीची तऱ्हा निराळी. तिथे जेईई मेनच्या गुणांवर ऑलिम्पियाडसारख्या कामगिरीचे बोनस गुण चढवतात.

या सगळ्या दारांत एक किमान अट कायम आहे: बारावी. आयआयटीत 75 टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये नाव. शिबिरात बीजगणितातली असमानता चुटकीसरशी सोडवणारा मुलगा बोर्डाच्या रसायनशास्त्रात अडखळून ही अट चुकवू शकतो. अशा वेळी पदक कामाला येत नाही.

आणि महाराष्ट्रात? एमएचटी-सीईटीच्या कॅप फेऱ्यांमध्ये ऑलिम्पियाडला शून्य स्थान आहे. आयएनएमओ सोडाच, उद्या आंतरराष्ट्रीय सुवर्णपदक विजेता आला तरी सीईटीचा किंवा जेईई मेनचा पर्सेंटाइल जो असेल त्यावरच त्याचा क्रमांक लागेल. आपल्या विद्यापीठांच्या बीएस्सी गणिताच्या प्रवेशातही असा रकाना नाही. एरवी आपले राज्य शाळेबाहेरच्या कामगिरीची दखल घेत नाही असे नाही. दहावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, इंटरमिजिएट चित्रकलेच्या श्रेणीचे आहेत, शास्त्रीय नृत्य-गायनाचेही आहेत. गणिताचेच तेवढे नाहीत. परिणाम असा की, महाराष्ट्राच्या पैशावर, महाराष्ट्राच्या शाळांत, मराठी शिक्षकांच्या हाताखाली तयार झालेली पोरे चेन्नई, कोलकाता, बंगळुरू नाहीतर थेट केंब्रिज-बोस्टन गाठतात, आणि आपल्या महाविद्यालयांतले गणिताचे वर्ग 'दुसरीकडे कुठे मिळाले नाही म्हणून' आलेल्यांनी भरतात.

यावर 'मग सीईटीतच दहा गुण द्या' अशी मागणी लगेच होते. आमचा तिला विरोध आहे, आणि कारण सांगायला एक प्रश्नच सोडवून दाखवावा लागेल.

सलग चार नैसर्गिक संख्यांच्या गुणाकारात 1 मिळवला तर उत्तर नेहमी पूर्ण वर्ग येते. तपासून पाहा: 1×2×3×4 + 1 = 25, म्हणजे 5 चा वर्ग. 2×3×4×5 + 1 = 121, म्हणजे 11 चा. 3×4×5×6 + 1 = 361, म्हणजे 19 चा. हुशार मूल इथे थांबते आणि म्हणते, जमतंय. दोन अंकी उत्तर मागणाऱ्या परीक्षेत ते एवढ्यावर निभावून नेईल. आरएमओत या तीन ओळींना जवळजवळ काहीही मिळत नाही, कारण तीन उदाहरणे म्हणजे सिद्धता नव्हे. तिथे असे लिहावे लागते: संख्या n पासून सुरू होतात असे मानू. पहिली आणि शेवटची गुणली की n² + 3n येते, मधल्या दोन गुणल्या की n² + 3n + 2. या दोन संख्यांच्या बरोबर मध्ये n² + 3n + 1 आहे, तिला a म्हणू. म्हणजे चौघींचा गुणाकार (a − 1)(a + 1), आणि त्यात 1 मिळवला की a². झाले. संपूर्ण सिद्धता दोन ओळींची, पण पहिलीची जोडी शेवटच्या संख्येशी लावायची हे सुचायला कुणाला पाच मिनिटे लागतात, कुणाला पाऊण तास. पहिलीची जोडी दुसरीशी लावणारा घातांकांच्या जंगलात शिरतो. तो शेवटी बाहेर पडतोही, पण दीड पान खर्ची घालून.

ऑलिम्पियाड मोजते ते हे सुचणे आणि नंतर ते निर्दोष लिहिणे. आता वेळेचा हिशेब पाहा. एमएचटी-सीईटीच्या गणिताच्या पेपरात 90 मिनिटांत 50 प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटांहून किंचित जास्त. आयओक्यूएममध्ये एका प्रश्नाला सहा मिनिटे. आरएमओत अर्धा तास. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये दीड तास. पावणेदोन मिनिटांच्या परीक्षेसाठी घडवलेले डोके आणि दीड तासाच्या परीक्षेसाठी घडवलेले डोके यांच्या सवयीच वेगळ्या असतात. पहिल्यात 'हा प्रश्न सोड, पुढे जा' हे शहाणपण, दुसऱ्यात तोच अवगुण. एकाचे गुण दुसऱ्याच्या बेरजेत मिसळणे म्हणजे मापेच चुकवणे आहे. शिवाय बोनस गुण जाहीर झाले की वर्षभरात गल्लीगल्लीत त्याचे क्लास निघतील, खासगी ऑलिम्पियाडवाले मान्यतेसाठी रांगेत उभे राहतील आणि क्रीडा आरक्षणात बोगस प्रमाणपत्रांची जी प्रकरणे निघाली तसली इथेही निघतील. आयओक्यूएमसारख्या पहिल्याच पायरीला गुण दिले तर ते सर्वांत वाईट. ती नुसती गाळणी आहे, प्रवेशाचा निर्णय करण्यासाठी ती बेतलेली नाही.

अभ्यासक्रमाचाही मेळ नाही, हे पालकांनी नीट समजून घ्यावे. ऑलिम्पियाडचे चार खांब: संख्या सिद्धांत, संयोजनशास्त्र, युक्लिडची भूमिती आणि बीजगणित, त्यातच असमानता आणि फलन समीकरणे. कलनाची, म्हणजे कॅल्क्युलसची, गरज नाही. जेईई-सीईटीत कलन, सदिश, निर्देशक भूमिती यांचा भरणा, आणि संख्या सिद्धांत जवळपास गायब. आपल्या राज्य मंडळात वर्तुळ आणि त्रिकोणांची सिद्धतेची भूमिती दहावीलाच संपते, अकरावी-बारावीत ती कुणी पुन्हा उघडत नाही. म्हणजे ऑलिम्पियाडची तयारी केल्याने जेईईचे गणित 'आपोआप' होते हे खरे नाही. हाताला जोर येतो, अवघड प्रश्नाची भीती जाते, पण तीन तासांत भौतिक-रसायनासह 75 प्रश्न संपवायचा वेग त्याने येत नाही. उलट बाजूनेही तेच. जेईईत पहिल्या शंभरात येणारी कित्येक मुले आरएमओ ओलांडू शकत नाहीत, आणि त्यात त्यांची काही कमतरता नाही.

म्हणून वेळापत्रकच महत्त्वाचे. आयओक्यूएमला आठवीपासून बसता येते. आठवी-नववीत ओळख, दहावी-अकरावीत गंभीर प्रयत्न, हा क्रम बहुतेकांना मानवतो. आरएमओनंतरच्या निवडीत बारावीच्या विद्यार्थ्यांचा गट वेगळा असतो आणि त्यांच्या जागा फार थोड्या, त्यामुळे बारावीत पहिल्यांदा जाग येणे म्हणजे गाडी सुटल्यावर फलाटावर येणे. त्याच वर्षी जानेवारीत आयएनएमओ, लगोलग जेईई मेनचे पहिले सत्र, मग प्रात्यक्षिके, बोर्ड, एप्रिलमध्ये जेईई मेनचे दुसरे सत्र आणि सीईटी. शिबिराचे बोलावणे आलेच तर ते जेईई ॲडव्हान्स्डच्या ऐन तयारीत. अकरावीत आयएनएमओ पार करून ठेवलेल्या मुलाला बारावीत श्वास घ्यायला जागा मिळते. इंटिग्रेटेड कॉलेजांत याच्या नेमके उलट घडते. अकरावीच्या पहिल्या दिवसापासून सकाळी सात ते संध्याकाळी सात जेईईचा घाणा, सप्टेंबरच्या त्या रविवारीही 'टेस्ट सिरीज', आणि आयओक्यूएमला बसायला परवानगी मागणाऱ्याला 'त्याचा रँकला काय उपयोग' हे उत्तर. प्रवेश घेण्याआधी हा प्रश्न कॉलेजला लेखी विचारावा.

मुलींबद्दल वेगळे दोन शब्द. युरोपीय मुलींच्या गणित ऑलिम्पियाडमध्ये, ईजीएमओमध्ये, भारत चार मुलींचा संघ पाठवतो. त्याची निवडही याच साखळीतून, वेगळ्या शिबिराद्वारे होते. आमच्या वर्गांत आठवीला मुलींची संख्या चांगली असते, दहावीनंतर ती झपाट्याने घटते, कारण रविवारी दोन बस बदलून वर्गाला पाठवायला घरचे नाखूश असतात. मद्रासच्या योजनेत निम्म्या जागा मुलींच्या आहेत हे अशा घरांत कळले तर कदाचित फरक पडेल.

परदेशाचे थोडक्यात. अमेरिकेतल्या मराठी घरांत एएमसी आणि एआयएमई या तिथल्या गणित स्पर्धांची नावे आपल्याकडच्या स्कॉलरशिपसारखी झाली आहेत. एएमसीत 75 मिनिटांत 25 प्रश्न, तिथून पुढे गेलेल्यांना एआयएमईत तीन तासांत 15 प्रश्न, उत्तर 000 ते 999 मधली संख्या. एमआयटीच्या अर्जात हे गुण भरायला रकाना आहे, पण तो ऐच्छिक. अमुक गुणांना तमुक प्रवेश असे कोष्टक तिथे नाही. निबंध, शिफारसपत्रे, शाळेतली कामगिरी या सगळ्यांबरोबर ते वाचले जाते, आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी एमआयटीच्या जागा इतक्या मोजक्या आहेत की आंतरराष्ट्रीय पदक असूनही नकार आलेले असतात. केंब्रिजचा खाक्या अगदी निराळा: गणितासाठी प्रवेशाची अट 'स्टेप' या त्यांच्या स्वतंत्र परीक्षेतल्या श्रेणीवर असते, पदकाने ती माफ होत नाही. रशियात मात्र अखिल रशियन ऑलिम्पियाडच्या विजेत्यांना विद्यापीठात परीक्षेविना प्रवेश देण्याची पद्धत जुनी आहे. आपल्याकडे 'परदेशात ऑलिम्पियाडला मान आहे' असे सरसकट बोलले जाते, त्यात या तीन देशांच्या तीन वेगळ्या रीती एकाच पोत्यात भरल्या जातात. परदेशी प्रवेशाचे सल्लागार त्याचाच फायदा घेऊन नववीतल्या मुलांच्या पालकांना 'प्रोफाइल' बांधून देण्याची लाखाची पॅकेजे विकतात. आयओक्यूएमची प्रश्नपत्रिका आणि उत्तरे दरवर्षी संकेतस्थळावर फुकट मिळतात. जुन्या आरएमओ, आयएनएमओच्याही मिळतात. पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ न लावता, वही भरून सोडवणे, याला पॅकेज लागत नाही. पुण्यातल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानसारख्या संस्थांचे वर्ग कित्येक वर्षे चालू आहेत, तिथे विचारावे.

राज्याकडे मागायचे ते इतकेच. स्वायत्त महाविद्यालये आणि विद्यापीठांचे गणित विभाग यांना बीएस्सी गणित, संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्रासाठी दोन-दोन, चार-चार अधिसंख्य जागा आयएनएमओपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्यांना द्यायची मुभा द्यावी. निवड विभागातल्या प्राध्यापकांनी मुलाखतीने करावी. गुणांची बेरीज नको, राखीव टक्केवारी नको, आणि कुणाची चालू जागाही कमी होत नाही. प्रमाणपत्राची खातरजमा होमी भाभा केंद्राच्या प्रसिद्ध याद्यांवरून दोन मिनिटांत होते, बोगसगिरीला वाव नाही. आयएनएमओला बसणाऱ्यांची संख्या राज्यात इतकी लहान आहे की प्रशासनावर भारही पडणार नाही. अडचण एकच दिसते: अशा जागांवर आलेला विद्यार्थी कसा शिकवायचा याची तयारी बऱ्याच विभागांत नाही. पहिल्याच वर्षी त्याला तिसऱ्या वर्षाच्या वर्गात बसू द्यावे लागेल, श्रेयांकांच्या नियमांत ते बसवावे लागेल. नवीन शैक्षणिक धोरणाने तेवढी लवचीकता आता कागदावर तरी दिली आहे.

दुसरी गोष्ट हजेरीची. शिबिर महिनाभराच्या आसपास चालते. खेळाडूला राष्ट्रीय स्पर्धेसाठी हजेरीत सूट आणि हुकलेल्या परीक्षेची पुन्हा संधी मिळते, शिबिरार्थीला ती मुख्याध्यापकांच्या मर्जीवर मिळते. एक परिपत्रक काढून हे मिटते.

तिसरी आपल्याकडे. पुढच्या प्रवेश पुरवणीत कटऑफच्या तक्त्यांशेजारी एक चौकट द्यावी: आयएनएमओवर प्रवेश देणाऱ्या संस्था, प्रत्येकीला कुठला दर्जा लागतो, जेईई लागते की नाही, अर्जाची शेवटची तारीख कोणती. नियम दरवर्षी थोडे हलतात, त्यामुळे या पत्रातल्या माहितीवरही कुणी डोळे मिटून विसंबू नये, संस्थेच्या संकेतस्थळावरचे चालू वर्षाचे पत्रक हेच खरे. आयओक्यूएमची नोंदणी शाळा-महाविद्यालयांतल्या केंद्रांमार्फत पावसाळ्यातच होते. आपली शाळा केंद्र नसेल तर जवळच्या दुसऱ्या केंद्रावर नाव नोंदवता येते, आणि हे बऱ्याच शिक्षकांनाही ठाऊक नसते. ही चौकट जूनमध्ये छापली गेली तर गडचिरोली-सिंधुदुर्गच्या मुलांनाही वेळ मिळेल. ऑगस्टच्या शेवटी छापली तर नोंदणी संपलेली असेल.

आपले,
गणित ऑलिम्पियाडसाठी मार्गदर्शन करणारे काही शिक्षक, पुणे